मागून अर्धा इंच जादा

"छाती एकतीस, कंबर सव्वीस, मुंढा पंधरा..." टेलरकाका आकडे सांगत होते आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसलेला त्यांचा मुलगा वहीत उतरवून घेत होता. समोर माझी लेक उभी, वय वर्षं तेरा, चेहऱ्यावर 'आटपा लवकर'. कापड माझ्या आजीचं होतं. डाळिंबी इरकली लुगडं, माझ्या आईनं इतकी वर्षं डांबरगोळ्या घालून ट्रंकेत जपलेलं. मावसबहिणीच्या लग्नात लेकीला त्याचा ड्रेस घालायचा होता. नऊवार असलं म्हणून काय झालं, मधला निम्मा भाग विरलेला, घड्यांवर चिरलेला. उरलेल्यात बसवायचं म्हणजे मापात चूक परवडणार नाही, असं काकांनी आधीच बजावून ठेवलं होतं. त्यांनी टेपचं पितळी टोक तिच्या मानेशी धरलं, टेप पाठीवरून खाली सोडला आणि थांबले. पुन्हा वर नेला, पुन्हा सोडला. जरा मागे सरून चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "मागून अर्धा जादा लिही. पोक आहे. डावा खांदा दोन सूत उतार." मुलानं लिहिलं, लुगड्याचा एक तुकडा कापून पानाला स्टेपल केला, पावती फाडली.

बस, एवढंच. सल्ला नाही, काळजी नाही, चुकचुकणं नाही. छाती एकतीस, तसं पोक अर्धा. त्यांच्या लेखी तेही एक मापच होतं.

स्कूटरवर मागून लेकीचा आवाज आला, "आई, पोक म्हणजे हम्प ना? उंटासारखं?" मी म्हटलं, "काही नाही गं, टेलर लोकांची भाषा असते ती." ती काही बोलली नाही, पण आरशात मला दिसलं, तिनं पाठ सरळ केली होती. खांदे मागे, हनुवटी वर, शाळेत झेंड्याला उभं राहतात तशी.

दोन सिग्नलपर्यंत ती तशी बसली. मग हनुवटीचं ओळखीचं वजन माझ्या खांद्यावर परत येऊन टेकलं.

त्या रात्री मी तिला बघत राहिले. रोज दिसते ती दिसतच नाही, तसं झालं होतं माझं. सोफ्याच्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेली, कमरेखाली उशी असायची तिथं नुसती पोकळी, गुडघे वर, मांड्यांवर फोन, आणि मान खाली इतकी की कानामागून मानेचा तो उंचवटा दिव्याच्या उजेडात चमकत होता. "ताठ बस," मी म्हटलं. ती ताठ झाली. मी पाण्याचा तांब्या भरून येईपर्यंत पुन्हा मुटकुळं. दुसऱ्या दिवशी सहज मोजलं, तर शाळेतून आल्यापासून जेवायला बसेपर्यंत मी अकरा वेळा 'ताठ बस' म्हटलं होतं. त्यातली किमान चार वाक्यं मी स्वतः ओट्याला कोपर टेकून, वाकून, फोन बघता बघता म्हटली होती. आमच्या घरात हे दोन शब्द पिढीजात आहेत, तांब्यापितळेच्या भांड्यांसारखे. आईनं मला दिले, मी लेकीला देतेय. उपयोग झाल्याचं कुणाला आठवत नाही.

नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं त्याच्या काकांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेलं ते चित्र दाखवलं. तुम्हीही पाहिलं असेल. मान जसजशी खाली, तसतसे शेजारी किलोंचे आकडे चढत गेलेले, आणि साठ अंश वाकलेल्या माणसाच्या मानेवर २७ किलो. डोकं मूळचं साडेचार-पाच किलोचं. हा आकडा २०१४ मधल्या एका अमेरिकन शल्यविशारदाच्या लेखातला आहे, आणि तो संगणकावर मांडलेल्या प्रतिकृतीवरून काढलेला आहे, चालत्याबोलत्या पोरांच्या माना तपासून नव्हे. पण २७ किलो म्हणजे तांदळाच्या पोत्याच्या आसपास, आणि पोतं म्हटलं की आईचा जीव खालीवर होतोच. मग मी उठून लेकीचं दप्तर वजनकाट्यावर ठेवलं. सहा किलो आठशे. लेक एकेचाळीस किलो. दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, हे सरकारी कागदावर कधीच आलंय. आत काय काय निघालं म्हणून सांगू? लिटरभर पाण्याची बाटली, दोन डबे, तीन विषयांची गाइडं, 'लागलीच तर' म्हणून ठेवलेली चित्रकलेची वही, एक वाळलेलं संत्रं आणि मागच्या सहामाहीची प्रश्नपत्रिका. शाळेला नावं ठेवायला निघाले होते, पण यातल्या अडीच-तीन किलोंना शाळेनं हातही लावला नव्हता. हे सगळं ती डाव्या खांद्यावर एका पट्ट्यानं लटकवते. दोन्ही पट्टे लावणं, तिच्या वर्गात, लहान मुलांचं लक्षण आहे.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर पन्नाशीचे, स्वतः टेबलावर बरेचसे पुढे झुकलेले. त्यांनी तिला पाठमोरं उभं केलं. "पाय जुळव. गुडघे ताठ. दोन्ही तळवे एकमेकांना जोड आणि वाक खाली, अंगठे धरायला जातेस तशी." मग स्टूल ओढून ते तिच्या मागे बसले, डोळे अगदी तिच्या पाठीच्या पातळीत आणले. गवंड्याकडे लेव्हल असते तसली एक छोटी पट्टी, आत गोळी असलेली, तिच्या पाठीवर आडवी धरून मानेपासून कमरेपर्यंत सरकवत नेली. मी त्या गोळीकडे श्वास रोखून बघत होते. ती मध्यापासून फारशी हलली नाही. कणा बाजूला वळत असेल, तर वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर उचलून येतात. उभ्या माणसात जे कपड्यांआड लपून जातं, ते वाकल्यावर लपत नाही. शंभरात दोन-तीन मुलांना असा बाक असतो, आणि उंची झपाट्यानं वाढायच्या वयात मुलींमध्ये तो वाढत जाण्याची शक्यता मुलांपेक्षा जास्त, म्हणून एकदा बघून घेतलेलं बरं, असं ते म्हणाले. मग तिला पालथं झोपवून छाती वर उचलायला लावली. पाठ सरळ झाली. "होते ना सरळ? मग हाडाचं काही नाही. खांद्यात एवढा फरक तर निम्म्या जगाला असतो."

मी विचारलं, "पण पोक?"

"घरी 'ताठ बस' म्हणता?"

"म्हणते ना."

"किती वेळ राहते ताठ?"

"अर्धा मिनिट."

"आणि तुम्ही किती वेळ राहाल?" असं म्हणून ते हसले आणि स्वतःच खुर्चीत जरा सावरून बसले. पोक काढून बसणाऱ्या सगळ्यांची पाठ दुखते असं नाही, आणि ताठ बसणाऱ्यांची दुखत नाही असंही नाही, असं त्यांचं म्हणणं. कशी बसते यापेक्षा किती वेळ एका जागी बसते, ते बघा. मणक्यांच्या मधल्या ज्या गाद्या असतात, त्यांना मोठेपणी रक्तवाहिन्या उरत नाहीत. दाब पडतो, सुटतो, पुन्हा पडतो, तसं पाणी आणि पोषण आतबाहेर होतं. चालणं, वाकणं, उड्या मारणं हेच त्यांचं जेवण. गोळ्या नाहीत, पट्टा नाही, एक्स-रे नाही. लेक एवढी खूश झाली की बाहेर पडल्यावर तिनं उसाचा रस मागितला, आणि बाकड्यावर बसून, पोक काढून, स्ट्रॉनं प्याली.

पण माझ्या डोक्यात एकच शब्द अडकून राहिला होता. अंगठे.

आमच्या शाळेत अंगठे धरणं ही शिक्षा होती. गृहपाठ नाही, धरा अंगठे. बोललात, धरा अंगठे. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात आम्ही चारपाच जणं ओळीनं ओणवी, रक्त डोक्यात उतरलेलं, नाकाच्या शेंड्यावरून घाम फरशीवर टपटपतोय, आणि पायांच्या कमानीतून उलटं मैदान दिसतंय. आमचे एक गुरुजी पाठीवर डस्टर ठेवायचे. डस्टर पडलं की पाच मिनिटं वाढली. माझं नेहमी उजवीकडे घरंगळायचं, शेजारणीचं जागच्या जागी राहायचं. तिला मी तेव्हा भाग्यवान समजायचे. आता वाटतं, गुरुजींनी नकळत वर्षानुवर्षं आख्ख्या तालुक्याच्या पोरांची तपासणी केली असणार. फक्त त्यांना काय बघायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही आपली पाठ अशी कुणासमोर धरायची ती शिक्षेसाठीच, एवढंच कळलेलं.

रात्री झोप येईना, म्हणून ही वाकवून बघायची रीत कुणाची ते शोधत बसले. विल्यम अ‍ॅडम्स नावाचे लंडनचे शल्यविशारद, १८६५ मध्ये त्यांची कण्याच्या बाकावरची व्याख्यानं छापून आली. पण मला गुंतवून ठेवलं ते त्याआधीच्या एका माणसानं. गिडियन मॅन्टेल, ससेक्सकडचा डॉक्टर, रुग्ण बघून उरलेल्या वेळात दगडांतले जीवाश्म शोधत हिंडणारा. इग्वानोडॉन या डायनासोरला नाव देणारा हाच, १८२५ मध्ये. (लेक दुसरीत असताना आमच्या घरात इग्वानोडॉन हा जवळजवळ नातेवाईक होता, म्हणून मी नाव बघताक्षणी थांबले.) १८४१ मध्ये त्याला घोडागाडीचा अपघात झाला, त्यानंतर पाठीच्या दुखण्यानं तो पिचून गेला. पाठीवर उंचवटा दिसायचा, तो गाठीचा असावा असं समजत होते. वेदनेवर अफू घेता घेता १८५२ मध्ये तो गेला. शवविच्छेदनाला अ‍ॅडम्स होते. गाठबीठ काही नव्हती. कणा वळला होता, पिळला होता, आणि त्या पिळानं शरीर मागून वर उचललं गेलं होतं. दुसऱ्यांची कोट्यवधी वर्षांपूर्वीची हाडं खणून काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा कणा लंडनच्या शल्यविशारदांच्या कॉलेजात संग्रहालयात जाऊन बसला. इतकी वर्षं पाठीवर वागवलेलं ते दुखणं जिवंतपणी कुणाला नीट दिसलंच नाही. सकाळी चहाबरोबर हे लेकीला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मग त्याला कुणी वाक म्हटलंच नाही का?"

आमच्याकडे मात्र 'वाक' म्हणणारा माणूस घरातच होता. आजोबांची शाळा औंधची. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, हे साताऱ्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आजोबांनी ती सक्ती इतकी मनावर घेतली, की शाळा सुटून साठ वर्षं झाली, संस्थान विलीन होऊन पन्नास झाली, तरी नमस्कार सुटले नाहीत. पहाटे माझी झोप त्यांच्या तळव्यांच्या आवाजानं उघडायची. सारवलेल्या जमिनीवर एक दबका थप, मग दीर्घ श्वास, मग पुटपुटलेलं 'मित्राय नमः', मग पुन्हा थप. बाराव्या नावापर्यंत खोलीत घामाचा आणि ओल्या शेणाचा मिळून एक वास भरायचा, जो मला आजही कुठल्याही जिमच्या दारात शोधून सापडत नाही. त्यांनी आम्हाला कधी 'ताठ बस' म्हटलेलं मला आठवत नाही. पोरगं लोळताना दिसलं की म्हणायचे, "ऊठ, दोन नमस्कार घाल आणि मग लोळ." लोळायला त्यांची ना नव्हती.

त्याच घराच्या दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. माझ्यात आणि धाकट्या भावात एका सुट्टीत बोटभर चुरस चालली होती आणि तो हमखास जिंकायचा. पुष्कळ वर्षांनी कळलं की चोर सकाळी उठल्या उठल्या मोजून घ्यायचा. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांतल्या गाद्या पाणी पिऊन फुगतात, आणि दिवसभर उभं राहून, बसून दबत जातात. संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं उतरतो. मी खेळून येऊन दिवेलागणीला मोजायचे. माझा तेवढा सेंटिमीटर मैदानावर सांडलेला असायचा.

आता इथं, लेखाच्या रिवाजाप्रमाणे, मला म्हणायला हवं की पूर्वीची माणसं कशी ताठ होती. आमचे एक काका हे दर लग्नात म्हणतात. पंगतीला मांडी घालून बसता न येणाऱ्या पोरांकडे बोट दाखवतात आणि आजोबांचं उदाहरण देतात. ब्याऐंशीव्या वर्षी पंचवीस नमस्कार, पाठ सोट्यासारखी. खरंच आहे. पण काका फक्त पुरुष मोजतात. आजी शेवटची दहा वर्षं काटकोनात वाकलेली होती. लहानपणी मला वाटायचं, आजी झाली की बायकांचं काहीतरी जमिनीवर हरवतं आणि त्या ते शोधत हिंडतात. हालचाल तिला कमी पडली असं कोण म्हणेल? जातं, चूल, विहिरीवरून कमरेवर घागर, ज्वारीच्या रानात खुरपं घेऊन दिवस दिवस भांगलण, सात बाळंतपणं. त्या पाठीनं जेवढं काम केलं त्याच्या निम्मंही नमस्कारांनी भरत नाही. फक्त त्या पाठीला विसावा नव्हता, आणि दूध नव्हतं. दूध आजोबांना आणि नातवंडांना, आजीला ताक. तिची चोळी शिवणारा शिंपी मागून किती जादा धरायचा, देव जाणे.

म्हणून 'पूर्वी' हा शब्द मी हल्ली जपून वापरते.

माझं स्वतःचं पोक सातवीत आलं. तारीख सांगता येणार नाही, पण कारण सांगता येतं. एका उन्हाळ्यात मी वर्गातल्या मुलांहून उंच झाले आणि त्याच उन्हाळ्यात फ्रॉक पुढून घट्ट व्हायला लागला. जूनमध्ये शाळेत गेले ती वह्या छातीशी धरून. खांदे आपोआप पुढे आले, दार लोटून घ्यावं तसे. एक आत्या घरी आल्या की म्हणायच्या, "अशी म्हातारीसारखी वाकून काय चालतेस?" दोन दिवस ताठ चालले तर त्याच आत्या, "छाती काढून चालतात का पोरीच्या जातीनं?" उंचीवरून वेगळं. "आणखी वाढलीस तर स्थळ कुठून आणायचं?" दहावीच्या वर्गाचा फोटो आहे माझ्याकडे. मागच्या रांगेत मी उभी आहे, शेजारणीच्या बरोबरीला येण्यासाठी एक गुडघा वाकवून. फोटोत गुडघा दिसत नाही. एक खांदा उतरलेला दिसतो तेवढा. टेलरकाकांनी पाहिला तर लगेच सांगतील, दोन सूत. मला त्या फोटोतल्या मुलीला पुष्कळ वर्षं 'बावळट' म्हणायची सवय होती. तिची पाठ आळसानं वाकलेली नव्हती, ती लपत होती, हे लक्षात यायला मला स्वतःची लेक तेरा वर्षांची व्हावी लागली. आणि मग भीती वाटली ती वेगळीच. हीसुद्धा फोन बघत नसून लपत असेल तर? फोनआड लपणं आमच्या वह्यांपेक्षा सोपं आहे. कुणी विचारत नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, "काहीही काय आई." खरं असेल. 'काहीही काय' हे तेराव्या वर्षी बऱ्याच गोष्टींचं उत्तर असतं.

पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी दम लागेल असं हालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांच्याच अभ्यासगटानं २०१९ मध्ये जगभरातल्या अकरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा हिशेब मांडला होता, आकडे २०१६ पर्यंतचे. शंभरातली एक्याऐंशी एवढं हालत नाहीत. भारत त्यात जरा बरा, चौघांतली तीन. का बरा, याचा त्यांनी लावलेला तर्क वाचून मी उडालेच. मुलांच्या बाबतीत क्रिकेट. आणि मुलींच्या बाबतीत? घरकाम. म्हणजे तिथंही आजी हजर. माझ्या लेकीला क्रिकेट नाही आणि घरकाम तिला मीच लावत नाही, 'अभ्यास कर' म्हणून. शाळेत पीटीचे दोन तास, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. त्यातला एक पोर्शन संपवायला गणिताकडे जातो. सोसायटीत पार्किंगच्या खांबावर पाटी आहे, 'आवारात बॉल खेळण्यास सक्त मनाई'. त्या पाटीच्या बाजूनं मीही मत दिलं होतं, आमच्या गाडीची काच फुटली तेव्हा. क्लास घरापासून चालत आठ मिनिटांवर, आणि मी तिला स्कूटरवर सोडते, कारण आठ मिनिटं वाचतात. वाचलेल्या आठ मिनिटांचं ती काय करते ते सांगायला नको.

एकदा, नऊ वर्षांची असताना, तिला मल्लखांबाला घातलं होतं. पहिल्या दिवशी घरी आली ती एरंडेल तेलाचा चिकट वास घेऊन, पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला लाल ओरखडे, तळहात भाजल्यासारखे. आता रडणार असं मला वाटलं. तर आरशासमोर जाऊन ओरखडे मोजत बसली. तीन महिन्यांनी ती खांबाच्या बोंडावर दोन सेकंद उभी राहिली होती, आणि ते दोन सेकंद मी अजून विसरलेले नाही. हात पसरलेले, पोट आत, मान अशी की वरून कुणीतरी दोरा ओढून धरलाय. कुणीही तिला 'ताठ' म्हटलेलं नव्हतं. तिथं वाकडं उभं राहिलं तर पडायला होतं, एवढाच नियम. मग अबॅकसची वेळ त्याच वेळेवर आली. मल्लखांब सोडायचा हा निर्णय कुणाचा, याची आमच्या घरात दोन उत्तरं आहेत. खरं उत्तर मला माहीत आहे. अबॅकसची फी मी भरली होती.

डॉक्टरांकडून आल्यावर आठवडाभर मी उत्साहानं सगळं केलं. दप्तर हलकं केलं, स्कूटर बंद, दर अर्ध्या तासानं 'ऊठ, चक्कर मार'. म्हणजे 'ताठ बस' जाऊन 'ऊठ' आलं. अकराच्या अकरा वेळा. ती उठायची, फ्रिज उघडून बघायची, परत बसायची. आणि मग एका रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर वर दाणदाण आवाज. लेक आणि सोसायटीतल्या चार मुली लग्नातल्या नाचाची तालीम करत होत्या. पाण्याच्या टाकीला फोन टेकवून ठेवलेला, गाणं लावलेलं. चार पावलं, गिरकी, बसून उठायचं, उडी. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शूट करायचं, बघायचं, 'शी, माझा हात बघ' म्हणायचं, पुन्हा करायचं. उन्हानं तापलेल्या गच्चीवर अनवाणी, केस मानेला चिकटलेले, गाल लाल. मी टाकीच्या आडून पाऊण तास बघत उभी. कपडे बादलीतच राहिले. ज्या फोनवर मी सगळं खापर फोडून मोकळी झाले होते, त्याच फोनसमोर ती पाचपंचवीस वेळा जमिनीपासून सुटत होती. चूक तिची तिलाच दिसत होती, आणि खांदा पडला की ती स्वतःच तो उचलत होती. एक मन म्हणालं, अरे वा. दुसरं म्हणालं, हे सगळं कुणीतरी बघावं म्हणून चाललंय. मी सातवीत कुणी बघू नये म्हणून वाकले होते. दोन्हींत बरं कुठलं, ते मला त्या उन्हात ठरवता आलं नाही.

गेल्या शनिवारी ट्रायलला गेलो. टेलरकाका मशीनवर होते. त्यांना मागून असं मी पहिल्यांदाच पाहिलं. चाळीसेक वर्षं सुईकडे बघून पाठीची पुरती कमान झालेली. पण अंगातला शर्ट मागून कुठंही उचललेला नव्हता, पुढून कुठंही लोंबत नव्हता. शर्ट त्यांनीच शिवलेला असणार. किती जादा धरता, असं अगदी तोंडावर आलं होतं.

लेक पडद्याआडून ड्रेस घालून आली. डाळिंबी रंग, काठ खाली घेऱ्याला, आजीचा पदर बाह्यांना. आरशात बघताना ती बाह्यांवर खूश झाली असावी, कारण एकदम उभीच राहिली, गच्चीवर राहिली होती तशी. आणि मानेच्या खाली, पाठीवर, कापडाची एक आडवी घडी पडली.

काका चष्म्याच्या वरून बघत होते. "अशीच उभी राहणार असलीस तर मागचं अर्धा काढावं लागेल."

"नेहमी नाही राहत," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं, मिटलं.

"मग कापत नाही," काका म्हणाले. "खांद्याच्या शिवणीत दाबून घेतो. माया आत ठेवतो. पुढं लागली तर सोडायची."

"माया म्हणजे?"

त्यांनी तिच्यासाठी आधी बेतलेलं अस्तर उलटं करून काउंटरवर पसरलं, मग लुगड्याचा शिवायचा राहिलेला तुकडा घेऊन त्यावर खडूनं रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडचं कापड आत मुडपून दाखवलं. उलट्या बाजूनं इरकलीचा रंग अजून गर्द होता. लेकीनं वाकून, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, त्या मुडपलेल्या कापडावरून बोट फिरवलं.